काच! म्हणून ओरडायचं

पनवेल,
४ फेब्रुवारी

प्रिय सुनीता,

सलाम. भाऊजींची कावीळ उतरली आणि आता ते मऊ भाताला कंटाळून तुझ्याशी भांडायला लागलेत, हे ऐकून जिवाला बरं वाटलं. भांडतायत म्हणजे बरे झाले. बदलीच्या गावी एकटा राहिलेला नवरा चहासुद्धा नीट करू शकत नाही, हे तुला आत्ता कळलं, मला तुझ्या लग्नातच कळलं होतं. आणि हो, पत्राची युक्ती मान्य. फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो आणि शेवटी कोणालाच काही ऐकू येत नाही. निदान पत्रात तू माझं वाक्य तोडणार नाहीस.

आता आधी घोटभर पाणी पी आणि मग पुढे वाच.

काल आपल्या गाळ्यात काच सापडली.

घाबरू नकोस, सांगते. खसचं सरबत भरून झालं होतं. माझ्या बाजूला माझ्या काचेच्या बाटल्या, तुझ्या बाजूला तुझ्या सुनेच्या आवळा सरबताच्या प्लास्टिकच्या, मधे तू मारलेली पिवळी रेघ आणि रेघेवर आपलं दोघींचं झाकणं लावायचं टेबल. सगळं तू घालून दिलंस तसंच. मी झाकणांच्या ट्रेमध्ये हात घातला तर बोटाला काहीतरी हिरवं चिकटून आलं. मला वाटलं, खसच्या साखरेचा खडा. खुदा की कसम सुनीता, मी तो जिभेवर ठेवणारच होते! आपटा गावच्या आपल्या रोशनीने माझं मनगट धरलं. "भाभी, तोंडात घालू नका, ती काच हाय!"

तुझा नियम मला झोपेतही पाठ आहे. काच फुटली की ज्याच्या हातून फुटली त्याने "काच!" म्हणून ओरडायचं. सगळ्यांनी आहे तिथे उभं राहायचं. आसपास जे उघडं असेल ते फेकायचं. लाल झाडू फक्त त्यालाच. पण इथे काही फुटलंच नव्हतं, कोणी ओरडलंच नव्हतं आणि काच मात्र ट्रेमध्ये हजर! मग मीच ओरडले. इतक्या जोरात ओरडले की बाजूच्या गाळ्यातला पत्र्याचं काम करणारा मशीन बंद करून धावत आला.

खसचं सगळं ओतून दिलं. रुचिराचं आवळ्याचंही ओतलं, कारण झाकणं एकाच ट्रेमधली. मोरीतून हिरवं आणि पिवळं सरबत गळ्यात गळे घालून वाहत होतं आणि मी तिथे उभी राहून रडत होते. रमजान तोंडावर आलाय गं. या वर्षी माझी नात फिजा पहिला रोजा धरणार आहे आणि तिला नानीचंच खस हवंय.

रोशनी म्हणाली, आमी घरी काच फुटली का कणकेच्या गोळ्यानं टिपतो, बारीकसुद्धा राहात नाय. शेजारच्या पोळीभाजीवाल्या काकूंकडून गोळा आणला आणि टेबल टिपून काढलं. काही मिळालं नाही.

आता तुझ्या सुनेबद्दल. वाईट वाटून घेऊ नकोस. मी ओरडले तेव्हा ती पांढरीफटक पडली. मदतीला पुढे आली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली. हल्ली तिचं लक्षच नाही. खसचा वास आला की नाकाला ओढणी लावून बाहेर पळते. क्रेट उचलायचा म्हटलं की फोन येतो. आणि आवळे! टोपलीतले आवळे मीठ लावून दिवसभर खात बसते. मालकीणबाई आहेत, कोण बोलणार?

भाऊजींना सलाम सांग.

तुझी,
ताहिरा


गोंदिया,
९ फेब्रुवारी

प्रिय ताहिरा,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं. ह्यांना वाटलं कोणीतरी गेलं. "काय झालं, काय झालं" करत मागे लागले. म्हटलं, गाळ्यात काच सापडली. तर म्हणतात, "एवढंच ना?" मी त्यांच्याशी त्या दिवशी बोलले नाही.

तू माल फेकलास ते उत्तम केलंस. रडलीस तेही चालेल. पण कणकेचा गोळा? ताहिरा! मी कोल्ड्रिंकच्या कारखान्यात इतकी वर्षं क्वालिटीचं काम केलं आणि माझ्या स्वतःच्या गाळ्यात कणकेचा गोळा फिरतोय? काच निघेल गं, पण पीठ राहील, त्याला बुरशी येईल, मुंग्या येतील. रोशनीला माझ्याकडून प्रेमाने सांग की घरी काय हवं ते करावं, इथे ओला कागद वापरायचा आणि तोही लगेच टाकायचा. आणि तो गोळा कुठे टाकला? बाहेर बकऱ्या असतात.

आता नीट लक्ष दे. काच आपोआप जन्माला येत नाही. ती कशाची तरी असते. आपण बाटली फुटली की तुकडे जुळवून बघतो ना, अख्खी बाटली होते का ते? का बघतो? एक तुकडा कमी भरला तर तो कुठल्यातरी बाटलीत बसून कोणाच्यातरी घरी गेला असं धरायचं असतं म्हणून. तसा हा तुकडा कशाचा ते शोध. ट्यूबलाइट, घड्याळ, चष्मे, देवाची तसबीर, सगळं बघ. तो नीट जपून ठेव आणि दिसायला कसा आहे ते मला लिही. आदल्या दिवशीचा माल परत आण. तुझ्या फुजैलला टेंपो घेऊन पाठव.

आणि बांगड्या, अंगठ्या दाराच्या खुंटीवर ठेवतायत ना सगळ्या? रोशनी रिकाम्या हाताने काम करायला तयार नव्हती म्हणून मी तिला त्या पितळी बांगड्या आणून दिल्या होत्या. त्याच घालते ना?

रुचिराचं वाचून मात्र मन खट्टू झालं. सत्यजीत हल्ली फोनवर दोन मिनिटं बोलतो आणि "आई, मीटिंग आहे" म्हणून ठेवतो. रविवारी कसली मीटिंग? दोघांचं काहीतरी शिजतंय. पुण्याला नोकरी शोधतायत की काय कोण जाणे. मला सांगायची लाज वाटत असेल. गेल्या वर्षी ते बाळ राहिलं नाही, तेव्हापासून पोरगी मिटूनच गेली आहे. मी तिला गाळ्यात ओढली ते मन रमावं म्हणून. कदाचित चुकलं माझं.

ताहिरा, एक गोष्ट विसरू नकोस. माझी बाटली शाळेच्या कॅंटीनमध्ये जाते. पाच-सहा वर्षांची पोरं ती तोंडाला लावतात. मला उत्तर हवंय.

तुझी,
सुनीता


पनवेल,
१५ फेब्रुवारी

सुनीता,

बकऱ्या शाबूत आहेत. गोळा रोशनीने पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत टाकला.

तू सांगितलंस ते सगळं केलं. ट्यूबलाइटला प्लास्टिकचं कव्हर आहे, तूच लावून घेतलं होतंस. घड्याळाची काच जागेवर. चष्मे तिघींचे धड. तसबीर कधीच प्लास्टिकची झाली. माझ्या बाटल्या सगळ्या पांढऱ्या, एकही हिरवी नाही. फुजैल टेंपो घेऊन आदल्या दिवशीचा माल परत आणायला गेला. एका दुकानदाराने तोवर एक बाटली स्वतःच पिऊन टाकली होती. फुजैल त्याला रोज फोन करून तब्येत विचारतो. काल तो चिडून म्हणाला, "अरे बाबा, मी ठणठणीत आहे, आता तुझ्या फोननेच आजारी पडेन."

खुंटीवर बांगड्या असतात. रोशनी पितळीच घालते. मी स्वतः रोज बघते.

तुकडा काडेपेटीत कापसावर ठेवलाय. बडीशेपेच्या दाण्याएवढा आहे. हिरवागार. जरासा वाकलेला. आतून सपाट, बाहेरून गोलसर. मी नाक्यावरच्या भंगारवाल्यालाही दाखवला. तो म्हणाला, चाची, ही बाटलीची काच नाही. मग कशाची, ते त्यालाही सांगता आलं नाही.

म्हणजे बाहेरून आली. आणि बाहेरून कोण आणणार? मी नाही, रोशनी नाही. सुनीता, मला राहवत नाही म्हणून लिहिते. मी रुचिराला सरळ विचारलं, "बाळ, तुला काही माहीत आहे का?" तर म्हणाली, "नाही मावशी." आणि जमिनीकडे बघत राहिली. तुझ्या सुनेला मी लग्नात मिरवत आणलंय, माझ्याशी खोटं बोलताना तिला जड जात होतं ते मला दिसलं. पनवेलच्या या उकाड्यात मनगटापर्यंत बटणं लावलेला फुल बाह्यांचा ॲप्रन घालते. मी म्हटलं, अगं शिजशील! तर म्हणे, नियम आहे ना मावशी. आपला असा नियम कधी होता?

तिला गाळा नकोसा झालाय आणि तोंडाने सांगता येत नाही, असं मला वाटतं. काच तिनेच आणली असं मी म्हणत नाही. पण तिला काहीतरी माहीत आहे.

दोन दिवसांत रोजे लागतील. भुकेल्या पोटी मी तुला आणखी कडू लिहीन, त्यापेक्षा आत्ताच थांबते.

ताहिरा


गोंदिया,
२० फेब्रुवारी

ताहिरा,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस उत्तर लिहिलं नाही.

माझी सून खोटं बोलते असं तू लिहिलंस. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी कागद फाडून टाकला असता. तू लिहिलंस म्हणून ठेवलाय. पण लागलं. मी रुचिराला फोन केला. "सगळं छान चाललंय आई" म्हणाली. आवाज छान नव्हता.

मी फार विचार केला. एकाच छपराखाली काचेच्या बाटल्या आणि लहान मुलांचं सरबत, ही जोखीम मी पिवळ्या रेघेच्या भरवशावर घेतली होती. रेघ काचेला अडवत नाही, माणसं अडवतात. माणसं जर सांगेनाशी झाली तर माझ्या नियमांना काडीची किंमत नाही. द्रोणागिरीला माझ्या जुन्या ऑफिसातल्या एकाचं गोदाम आहे. त्यातला कोपरा तो मला द्यायला तयार आहे. होळीपर्यंत काच कशाची ते कळलं नाही, तर मी माझी बाजू तिकडे हलवते.

हे भांडण नाही, ताहिरा. तुझ्याशी भांडायला मला गाळा लागत नाही. पण एखादं पोर घसा धरून बसलं तर मी त्याच्या आईला काय सांगू?

रोजे नीट धर. शुगरची गोळी विसरू नकोस.

सुनीता


पनवेल,
२७ फेब्रुवारी

प्रिय सुनीता,

रोजा आहे, त्यामुळे हळू लिहिते. काल काय झालं ते सांगते, पण सगळं सांगणार नाही. रागवायचं तर आधीच रागावून घे.

काल इफ्तारीसाठीचं खस भरत होतो. मशिदीत पाठवायचं होतं आणि फिजाचा पहिला रोजाही कालच होता. बाटल्या उघड्या, ओळीने मांडलेल्या, रोशनी झाकणं लावतेय. आणि एकदम आरोळी आली. "काच!"

सुनीता, तुझा नियम मी इतकी वर्षं पाळला, पण त्याचा अर्थ मला काल कळला. त्या ओरडण्यात नुसती काच नव्हती. जिने ओरडायचं तिला ओरडून स्वतःचं फार मोठं काहीतरी उघडं करावं लागणार होतं. गप्प बसली असती तर कोणाला कळलंही नसतं. तरी ओरडली. आम्ही सगळ्या जागच्या जागी उभ्या राहिलो. आणि ती तिथेच उभी राहून हमसून हमसून रडायला लागली.

खस सगळं ओतलं. फिजाचंही ओतलं. या वेळी खससाठी मी एक टिपूसही काढलं नाही.

काच कशाची ते कळलं. आधीची हिरवी कशाची तेही कळलं. पुन्हा होणार नाही याची हमी मी देते. पण ती कशाची आणि कोणाची ते मी तुला लिहिणार नाही. मी शब्द दिलाय. थोडे दिवस थांब, एवढंच म्हणते. रुचिराबद्दल काही विचारू नकोस. ती बरी आहे. छान आहे. मी तिच्याबद्दल जे जे लिहिलं ते सगळं परत घेते, थोबाडीत मारून घेते. तीन लेकरं वाढवली मी, आणि माझ्या डोळ्यांना काही दिसलं नाही!

आता तू म्हणशील, नियम तर नियम, कारण सांगायलाच हवं. बरोबर आहे तुझं. नसेल पटत तर जा द्रोणागिरीला. तू गेलीस तर मी हा गाळा बंद करीन, कारण तुझ्याशिवाय त्या पिवळ्या रेघेचं मी काय करू? मला खूप रडू येईल. पण दिलेला शब्द मी मोडणार नाही, तुझ्यासाठीसुद्धा नाही.

इफ्तारीचं म्हणशील तर बाटलीचा नादच सोडला. घरून मोठं पातेलं आणलं, आम्ही तिघींनी नव्याने सरबत केलं आणि फुजैलने टेंपोतून पातेलंच मशिदीत नेलं. मगरिबची अजान झाली आणि फिजाने स्टीलच्या ग्लासातून प्यायलं. म्हणाली, "नानी, बाटलीपेक्षा हे भारी आहे." एवढ्या खटाटोपाचं हे बक्षीस!

तुझी (अजून आहे असं समजून),
ताहिरा


गोंदिया,
४ मार्च

माझी ताहिरा,

आज धुळवड. हे खाली बँकेतल्या पोरांबरोबर रंग खेळतायत आणि मी वर बसून तुझी तिन्ही पत्रं समोर मांडून वाचतेय. तुला काही लपवता येत नाही गं. इतकी वर्षं तुला ओळखते, तुझ्या पत्राला खिडक्याच खिडक्या असतात.

माझं काम मी विसरलेले नाही. हिरवी काच. जराशी वाकलेली. आतून सपाट, बाहेरून गोलसर. भंगारवाला पुरुष आहे, त्याला कसं कळणार? मला पहिल्याच वेळी कळायला हवं होतं, तशी काच मी माझ्या लग्नात दोन्ही हात भरून घातली होती. पण तू लिहिलंस बांगड्या खुंटीवर असतात, आणि मी तिथेच विचार थांबवला. खुंटीवर काय आहे ते आपण बघत होतो. बाहीखाली काय आहे ते कोण बघणार?

मग बाकीचं आपोआप आलं. फुल बाह्या. खसचा वास. क्रेट न उचलणं. मीठ लावलेले आवळे. रविवारच्या मीटिंगा!

मी काही विचारत नाही. मी काही म्हणतही नाही. हे पत्र तू कोणाला दाखवू नकोस. जिला सांगायचंय ती तिच्या वेळेला सांगेल आणि मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकेन. मी तुझ्यावर रागावले होते याची मला लाज वाटते. तू मला सोडायला तयार झालीस, पण माझ्या पोरीला दिलेला शब्द मोडला नाहीस. याहून मोठं माझं काय करणार होतीस तू?

सोबतच्या डबीत माझ्या चांदीच्या बांगड्या आहेत, हिरव्या मिन्याच्या. रिकाम्या हाताने राहायला कोणाचं मन धजत नसेल, तर तिने गाळ्यात या घालाव्यात, एकीखाली एक अशा घट्ट, वर इलॅस्टिकची बाही. काचेच्या बांगड्या घरी आल्यावर. कोणाला द्यायच्या ते मी लिहीत नाही. मलाही लपवता येतं.

पण एक गोष्ट राहिली आणि त्यात सूट नाही. पहिल्या वेळेचे तुकडे असतील ते गोळा करा आणि जुळवा. बांगडी पूर्ण झाली पाहिजे. पूर्ण झाली तर आपण सुटलो. एक कण जरी कमी भरला, तर तो शाळेत गेला असं धरून मला शाळेला फोन करावा लागेल, मग त्यात कोणाचं काय उघडं पडेल ते पडो. मला हे लिहवत नाही. पण लिहिते.

द्रोणागिरीच्या माणसाला मी नाही म्हणून कळवलं.

तुझी,
सुनीता


नवीन पनवेल,
११ मार्च

आई,

सा. न. मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, त्यामुळे सुरुवात कशी करतात ते ताहिरामावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "सरळ सांगून टाक, तुझ्या सासूला सुरुवाती आवडत नाहीत."

आई, मला तीन महिने पूर्ण होऊन चौथा लागलाय.

जानेवारीच्या अगदी शेवटी माझ्या आईने चोरओटी भरली. तिसरा महिना लागला की गुपचूप भरतात ना, तशीच. हिरव्या बांगड्या घातल्या आणि बजावलं, पूर्ण तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही आणि या हातातून काढायच्या नाहीत. तिचं मी ऐकलं. पण तुम्हाला न सांगण्याचं कारण ते नव्हतं. गेल्या वर्षी मी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तुम्ही दुपट्याचं कापड आणलंत, आणि मग ते कपाटात ठेवून दिलंत. माझ्यासमोर तुम्ही रडला नाहीत, पण सत्यजीतने मला सांगितलं, तुम्ही बाथरूममध्ये नळ सोडून रडत होतात. या वेळी तुम्हाला पुन्हा तिथे न्यायला मला नको होतं. म्हणून सत्यजीतलाही फोनवर बोलू देत नव्हते. त्याला खोटं बोलताच येत नाही, ते तुम्हाला माहीतच आहे.

फेब्रुवारीत झाकणं लावायच्या मशीनच्या कडेला हात आपटला आणि बाहीच्या आत एक बांगडी फुटली. मी ओरडले नाही. ओटीची बांगडी फुटली या भीतीने माझं डोकंच चालेना. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी तुकडे वेचले, रुमालात बांधले, मला वाटलं सगळे मिळाले. गाढी नदीत सोडायचे म्हणून पर्समध्ये ठेवले, कचऱ्यात टाकायला मन होईना. दुसऱ्या दिवशी मावशींना ट्रेमध्ये तो कण सापडला. त्यांनी स्वतःचं खस ओतलं, माझ्याकडे बघितलं, आणि मी गप्प राहिले. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागलं नाही. मावशी खसला रडत होत्या, आणि मी माझ्या बाळाला जपते म्हणून दुसऱ्यांच्या मुलांना धोक्यात घालत होते. हे मला कळत होतं आणि तरी तोंड उघडत नव्हतं.

फिजाच्या रोज्याच्या दिवशी दुसरी फुटली. समोर तिच्या नावाच्या उघड्या बाटल्या होत्या. मला वाटलं, आता गप्प बसले तर मी कोणाची आई व्हायच्या लायकीची नाही. आई, मी ओरडले. किती जोरात ते मावशींना विचारा. सगळ्या उभ्या राहिल्या, रोशनीताईंच्या हातात झाकण तसंच. मग मी बाही वर केली. मावशी दोन पावलांवर होत्या, पण नियम म्हणून हलल्या नाहीत, जागेवरूनच ओरडल्या, "अगं वेडे, मला का नाही सांगितलंस!" आणि मग आम्ही आधी चपलांचे तळ पुसले आणि नंतर रडलो.

परवा मावशींनी मला चांदीच्या बांगड्या दिल्या. कोणाच्या विचारलं तर म्हणाल्या, "पडल्या होत्या घरात." आई, त्या तुमच्या आहेत. डाव्या हातातल्या एकीवर पोचा आहे, तो मी तुम्ही भांडी घासताना रोज बघायचे. मी काही बोलले नाही. तुम्हाला कळलंय हे मला कळलंय, हे तुम्हालाही आता कळलं.

मग मावशी म्हणाल्या, रुमाल आण, एक कण जरी कमी भरला तर शाळेला कळवावं लागेल. टेबलावर पांढरा कागद अंथरला. दुसऱ्या बांगडीचे तुकडे तेव्हाच जुळवले होते, ती पूर्ण होती. आता पहिली. रोशनीताई एकेक तुकडा उचलून देत होत्या, मी जुळवत होते, मावशी चष्मा पुसत होत्या. मी एकच तुकडा तिसऱ्यांदा लावून बघायला लागले तेव्हा रोशनीताई म्हणाल्या, "वयनी, तुमी बसा, आमी करताव." पण मीच केलं. गोल होत आला. शेवटी एक फट राहिली, बडीशेपेच्या दाण्याएवढी. रुमाल रिकामा झाला होता.

मावशींनी काडेपेटी उघडली. कापसावरचा तो कण चिमट्याने उचलला, तोंडाने बिस्मिल्ला म्हणाल्या आणि फटीत ठेवला.

बसला. कुठे एक रेषभरही जागा उरली नाही.

आम्ही तिघी इतक्या ओरडलो की शेजारचा पत्र्यावाला पुन्हा धावत आला. "आता काय फुटलं?" म्हणाला. मावशी म्हणाल्या, "काही नाही, जुळलं."

बांगडी पूर्ण आहे, आई. शाळेला फोन करायची गरज नाही. कोणाच्याही मुलाच्या पोटात काही गेलेलं नाही, आणि माझ्या पोटातलं सुखरूप आहे. काल डॉक्टरांनी ठोके ऐकवले. सत्यजीत तिथेच खुर्चीवर बसला आणि म्हणाला, आता तरी आईशी नीट बोलू दे.

तुम्ही ते दुपट्याचं कापड टाकून दिलं नसेल ना? वरच्या कप्प्यात बघितलं, नाही सापडलं. तुम्ही आल्यावर दोघी मिळून शोधू. बाबांना घेऊन लवकर या.

तुमची,
रुचिरा

ता. क. ताहिरामावशी सांगतायत की त्यांनी तुम्हाला एक अक्षरही सांगितलेलं नाही, हे इथे लिहून ठेव. लिहिलं.